व्हेंटिलेटरची हवा किती? आधी रुग्णाची उंची मोजा!

"पेशंटला व्हेंटिलेटरवर घेतलंय," असे अतिदक्षता विभागाच्या दारातून कोणी सांगितले की बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या पायाखालची जमीन सरकते. उस्मानपुऱ्यातील एखाद्या खासगी रुग्णालयाचा जिना असो, की घाटीचा व्हरांडा, त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, ऑक्सिजन किती आहे?" पडद्यावरचा आकडा ९८ असला की हायसे वाटते, ९० असला की घशाला कोरड पडते. आकडा वाढवण्यासाठी "मशीन आणखी वाढवा ना," असा आग्रहही धरला जातो.

हा आग्रह मायेपोटी असतो, पण तो रुग्णाच्या हिताचा असतोच असे नाही. आजारी फुफ्फुसात यंत्राने जास्त हवा कोंबली, तर पडद्यावरचा आकडा चार दिवस चांगला दिसतो आणि फुफ्फुस मात्र आतून आणखी जखमी होत जाते. वैद्यकशास्त्राला ही गोष्ट कळायला जवळजवळ अर्धे शतक लागले. ती आता पक्की कळली आहे. तरीही ती प्रत्येक खाटेपर्यंत पोहोचलेली नाही, म्हणून आजचा हा लेख.

यंत्र नेमके काय करते?

आपण श्वास घेतो तेव्हा छातीचा पडदा खाली सरकतो, छातीची पोकळी मोठी होते आणि हवा आपोआप आत ओढली जाते. व्हेंटिलेटर याच्या नेमके उलटे करतो. तो नळीवाटे हवा आत ढकलतो. निसर्ग हवा ओढतो, यंत्र हवा रेटते. हा फरक लक्षात ठेवला की पुढचे सगळे समजायला सोपे जाईल.

आपल्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून अंदाजे तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. हे अतिसूक्ष्म फुगेच म्हणा ना. त्यांच्या पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. निरोगी मोठा माणूस एका साध्या श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो.

हवा रेटून माणूस जगवण्याची ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती १९५२ मध्ये, डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात. तेथे पोलिओची भयंकर साथ आली होती. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसे आणि मुले पटापट दगावत होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णाच्या गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा द्यायची, असा मार्ग काढला. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. आधी अशा दहा रुग्णांपैकी आठ-नऊ जात. हे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाचा पाया त्या साथीत घातला गेला.

दोन रुग्ण, दोन फुफ्फुसे

पोलिओच्या त्या रुग्णांची फुफ्फुसे मुळात बहुतांशी ठीक होती. बिघडले होते ते स्नायू. आपल्या मराठवाड्यात याचे जवळचे उदाहरण म्हणजे मण्यार. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, दुखत फारसे नाही, पहाटे पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि मग श्वास थांबतो. अशा रुग्णाला वेळेवर नळी घालून यंत्रावर घेतले, की काही दिवसांत विषाचा अंमल उतरतो आणि माणूस चालत घरी जातो. कीटकनाशक पोटात गेलेल्या अनेक रुग्णांचेही तसेच. येथे भाता चालवणारा हात थकलेला असतो, भाता शाबूत असतो.

दुसऱ्या प्रकारचा रुग्ण वेगळा. जबर न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, स्वाइन फ्लू, कोविड, स्वादुपिंडाची सूज, उलटी श्वासनलिकेत जाणे, भाजणे, मोठा अपघात, अशा कारणांनी वायुकोशांच्या भिंतींनाच इजा होते. रक्तातील पाणी आणि प्रथिने झिरपून वायुकोशांत भरतात. फुफ्फुस पाणी प्यायलेल्या स्पंजासारखे जड होते. या अवस्थेला डॉक्टर मंडळी 'एआरडीएस' म्हणतात. तिचे पहिले नेटके वर्णन १९६७ मध्ये अमेरिकेतील डेनव्हर येथील डॉक्टरांनी बारा रुग्णांवरून केले. येथे भाताच फाटायला आलेला असतो. मण्यारीच्या रुग्णाला आणि या रुग्णाला एकाच हिशेबाने हवा देणे म्हणजे आजार न पाहता औषध देणे होय.

तांब्यात हंडाभर पाणी

अनेक वर्षे समजूत अशी होती, की फुफ्फुस कडक झाले आहे, तर जास्त जोर लावून, मोठा श्वास देऊन ते उघडावे. रक्तातील प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड अगदी निरोगी माणसासारखे राहिले पाहिजेत, म्हणून दर किलो वजनाला दहा ते पंधरा मिलिलिटर हवा प्रत्येक श्वासाला दिली जाई.

१९७४ मध्ये वेब आणि टिअर्नी या दोन अमेरिकी संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला. निरोगी उंदरांना यंत्राने फार मोठ्या दाबाचा श्वास दिला, तेव्हा तासाभरात त्यांच्या फुफ्फुसांत पाणी भरले आणि ते मेले. निरोगी फुफ्फुसाची ही गत, तर आजारी फुफ्फुसाचे काय होत असेल?

पुढे इटलीतील डॉ. लुचियानो गॅटिनोनी यांनी अशा रुग्णांच्या छातीचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. एआरडीएसच्या रुग्णाचे सगळे फुफ्फुस सारखे कडक नसते. पाठीकडचा बराच भाग पाण्याने भरून बंद पडलेला असतो आणि हवा घेऊ शकणारा भाग फार थोडा उरतो. सहा फुटी गड्याच्या छातीत जणू पाच-सहा वर्षांच्या लेकराचे फुफ्फुस चालू असते. गॅटिनोनींनी त्याला 'बाळफुफ्फुस' अशा अर्थाचे नाव दिले. अशा फुफ्फुसात मोठ्या माणसाचा श्वास ओतणे म्हणजे तांब्यात हंडाभर पाणी ओतण्यासारखे आहे. पाणी निदान सांडते तरी. हवेला सांडायला जागा नसते, ती उरलेल्या चांगल्या वायुकोशांना ताणते.

यंत्राने होणारी इजा मुख्यतः चार प्रकारची. पहिली, जास्त हवेने वायुकोश ताणले जाणे. दुसरी, दाबामुळे फुफ्फुस फुटून हवा छातीच्या पोकळीत जाणे. तिसरी, प्रत्येक श्वासाला मिटणे आणि पुन्हा उघडणे. दुधाची रिकामी ओली पिशवी आठवा. तिच्या चिकटलेल्या बाजू सोडवायला जोर लागतो. वायुकोशांच्या बाजू मिनिटाला वीस-पंचवीस वेळा अशा चिकटल्या आणि सुटल्या, तर दिवसभरात किती घर्षण होईल याचा हिशेब करून पाहा. चौथी इजा डोळ्यांना दिसत नाही. दुखावलेले फुफ्फुस दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडते आणि मूत्रपिंड, यकृत अशी दूरची इंद्रियेही ढासळू लागतात. म्हणूनच असा रुग्ण पुष्कळदा केवळ प्राणवायू कमी पडून दगावत नाही, एकेक इंद्रिय बंद पडत जाऊन दगावतो.

चांगला आकडा, वाईट निकाल

या साऱ्याचा निर्णायक पुरावा २००० मध्ये हाती आला. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून ८६१ रुग्णांवर अभ्यास केला. एका गटाला दर किलोमागे १२ मिलिलिटर या जुन्या हिशेबाने श्वास दिला, दुसऱ्याला फक्त ६ मिलिलिटर. पहिल्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात ३१ टक्के. म्हणजे दर अकरा-बारा रुग्णांमागे एक जास्तीचा जीव वाचला. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास ठरलेल्या मुदतीआधीच थांबवण्यात आला. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. यंत्राचे एक बटण कमी केले होते, एवढेच.

या अभ्यासातील एक बाब प्रत्येक नातेवाइकाने आणि, स्पष्टच सांगायचे तर, प्रत्येक निवासी डॉक्टरनेही मनावर कोरून ठेवावी अशी आहे. पहिल्या काही दिवसांत रक्तातील प्राणवायूची स्थिती जास्त हवा दिलेल्या गटातच अधिक चांगली होती. आकडा ज्यांचा चांगला, मरणारे त्यांच्यातच जास्त! पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा म्हणजे रुग्णाची प्रकृती नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट करून कोण सांगणार? त्या अभ्यासात प्राणवायूचे प्रमाण ८८ ते ९५ टक्के राखणे पुरेसे मानले होते. शंभराचा हट्ट तेथे नव्हता. कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला, तरी बहुतेक रुग्ण तो सोसू शकतात. डोक्याला मार लागून मेंदूवर दाब वाढलेल्या रुग्णाची गोष्ट निराळी, तेथे कार्बन डायऑक्साइड वाढू देता येत नाही. अशा वेळी तज्ज्ञाने तोलूनमापून निर्णय घ्यायचा असतो.

आज मान्य झालेली पद्धत थोडक्यात अशी : छोटा श्वास, दाब आटोक्यात आणि वायुकोश मिटू न देणे. फुफ्फुस भरल्यावर क्षणभर थांबून मोजलेला दाब (त्याला 'प्लॅटो प्रेशर' म्हणतात) पाण्याच्या ३० सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. श्वास सोडल्यावरही थोडा दाब शिल्लक ठेवायचा (त्याला 'पीप' म्हणतात), म्हणजे दुधाच्या पिशवीच्या बाजू चिकटत नाहीत. यात रुग्ण बरा करणारे काहीच नाही, हेही ध्यानात घ्यावे. बरे करतात ती प्रतिजैविके, शस्त्रक्रिया, शरीराची स्वतःची ताकद आणि वेळ. तेवढा वेळ मिळवून देणे आणि तो मिळवताना नवी इजा न करणे, एवढेच व्हेंटिलेटरचे काम आहे.

फितीचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. दर किलोमागे ६ मिलिलिटर म्हणताना कोणते किलो धरायचे? वजनकाट्यावरचे नव्हे! माणूस जाड झाला म्हणून त्याचे फुफ्फुस मोठे होत नाही. फुफ्फुसाचा आकार उंचीवर आणि स्त्री-पुरुष या फरकावर ठरतो. म्हणून उंचीवरून एक 'अपेक्षित वजन' काढतात. पुरुषाच्या उंचीतून १५२.४ सेंटिमीटर वजा करायचे, उरलेल्याला ०.९१ ने गुणायचे आणि त्यात ५० मिळवायचे. स्त्रीसाठी ५० ऐवजी ४५.५.

आपल्याकडची एक साधी गृहिणी डोळ्यांसमोर आणा. उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम चार फूट अकरा इंच, आणि वजन ७० किलो. तिचे अपेक्षित वजन निघते सुमारे ४३ किलो. म्हणजे तिला एका श्वासाला हवी सुमारे २६० मिलिलिटर हवा. कोणी घाईत, अंदाजाने '५००' हा गोल आकडा लावला, तर ते दर किलोमागे साडेअकरा मिलिलिटर होतात. २००० सालच्या अभ्यासात ज्या गटात जास्त मृत्यू झाले, जवळजवळ त्याच गटात आपण तिला नेऊन बसवले! १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषालाही ३७० मिलिलिटरच्या आसपासच हवा लागते. अंदाजपंचे दाहोदरसे या कारभारात सर्वांत मोठा धोका बुटक्या माणसांना, म्हणजे बहुतेक वेळा बायकांना असतो. आईच्या उंचीची चौकशी कोणी करत नाही आणि तिच्या फुफ्फुसाला मुलाच्या मापाची हवा जाते.

शिंप्याकडे दहा-वीस रुपयांना मिळते तशी फीत घेऊन, झोपलेल्या रुग्णाची टाळूपासून टाचेपर्यंत उंची मोजायला एक मिनिट लागते. लाखोंच्या यंत्राला या फितीची जोड नसेल, तर ते यंत्र अर्धवटच म्हणायचे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पन्नास देशांतील अतिदक्षता विभागांच्या पाहणीत असे आढळले, की एआरडीएसचे पुष्कळसे रुग्ण ओळखलेच जात नाहीत आणि दर किलोमागे ८ मिलिलिटर किंवा त्याहून कमी हवा मिळणारे रुग्ण दोन-तृतीयांशांहूनही कमी असतात. श्रीमंत देशही या पाहणीत होते. तेव्हा हा दोष केवळ गरिबीचा नाही, सवयीचा आहे.

पालथे झोपवण्याची किमया

दुसरा उपायही असाच बिनखर्चाचा. उताण्या झोपलेल्या माणसाच्या पाठीकडच्या फुफ्फुसावर हृदयाचा आणि पाण्याने जड झालेल्या फुफ्फुसाचा भार पडतो. रुग्णाला पालथे केले, की तो भाग मोकळा होतो आणि हवा सर्वत्र अधिक सारखी पसरते. २०१३ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या ४६६ रुग्णांच्या अभ्यासात, गंभीर रुग्णांना दिवसातले सोळा तास किंवा त्याहून अधिक काळ पालथे ठेवले, तेव्हा अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. जवळजवळ निम्मे! कोविडच्या काळात आपल्या गावोगावच्या केंद्रांत 'पालथे झोपा' हा सल्ला ऐकू येऊ लागला, त्याचे मूळ या जुन्या अनुभवात आहे.

पण नळी घातलेल्या, बेशुद्ध ठेवलेल्या रुग्णाला पालथे करणे हे एकट्यादुकट्याचे काम नाही. नळी निसटू नये, सलाइन ओढली जाऊ नये, डोळ्यांवर आणि गालांवर दाब येऊन जखमा होऊ नयेत, यासाठी चार-पाच शिकलेले हात लागतात. रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागात इतके हात असतात का? खरा प्रश्न तेथे आहे.

२०२१ चा धडा

मराठवाड्याला या विषयाची ओळख कडू प्रसंगातून झाली. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोविडची दुसरी लाट भरात असताना पीएम केअर्स निधीतून आलेले दीडशे व्हेंटिलेटर घाटी रुग्णालयाकडे सोपवण्यात आले. त्यांपैकी काही खासगी रुग्णालयांना आणि काही शेजारच्या जिल्ह्यांना दिले गेले. वापरात आणलेल्या ११३ यंत्रांत दोष असल्याचे आणि उरलेली ३७ खोक्यांतच असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर मांडले गेले. आत येणाऱ्या ऑक्सिजनचा दाब दिसत नाही, यंत्रावर असतानाच रुग्णाचा प्राणवायू खालावतो, अशा तक्रारी होत्या. खंडपीठाने वृत्तपत्रांतील बातम्यांची स्वतःहून दखल घेतली होती. यंत्रे सदोष नाहीत, ती नीट हाताळली गेली नाहीत, अशी बाजू केंद्र सरकारने मांडली. या परस्परांकडे बोट दाखवण्यावर न्यायालयाने नाराजी व्यक्त केली आणि दिल्लीहून तज्ज्ञ डॉक्टर तपासणीसाठी पाठवण्याचे ठरले.

दोष यंत्राचा की हाताचा, हा वाद तेव्हा खूप रंगला. माझे मत असे, की रुग्णाच्या दृष्टीने या दोन्हींत फरक नाही. ऑक्सिजनचा दाब न दाखवणारे यंत्र जितके घातक, तितकाच उंची न मोजता हवा ठरवणारा कारभारही घातक. पण पहिल्याची बातमी होते, दुसऱ्याची होत नाही. यंत्र बंद पडले की सगळ्यांना दिसते. चालू यंत्र फुफ्फुस ताणत असले, तर कोणाच्याही लक्षात येत नाही, आणि मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया असेच लिहिले जाते.

त्याच लाटेत, २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण प्राणाला मुकले. यंत्राच्या मागे नळी असते, नळीमागे टाकी असते, टाकीमागे देखभाल करणारा माणूस असतो. ही साखळी कोठेही तुटली, तरी शिक्षा खाटेवरच्या रुग्णालाच होते.

मोजायचे काय?

आपल्याकडे आरोग्यसेवेची प्रगती यंत्रांच्या संख्येने मोजायची पद्धत पडली आहे. अमुक जिल्ह्याला तमुक व्हेंटिलेटर मिळाले, फीत कापली, छायाचित्र छापून आले. कापायच्या फितीइतकीच मोजायची फीतही महत्त्वाची आहे, हे आता लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना सांगण्याची वेळ आली आहे. सरकारी असो वा खासगी, जिल्ह्यातील प्रत्येक अतिदक्षता विभागाकडे नागरिकांनी पुढील गोष्टी मागाव्यात.

एक, व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णाची उंची मोजून ती केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहावी आणि त्यावरून काढलेला श्वासाचा आकडा खाटेजवळच्या पाटीवर ठळक लावावा. पाळी बदलली, तरी पाटी बदलत नाही. याला पैसे लागत नाहीत.

दोन, प्लॅटो प्रेशर दर पाळीला मोजून नोंदवावे.

तीन, व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे एक प्रशिक्षित परिचारिका असावी. नळीतील कफ काढणे, खाटेचे डोके ३० ते ४५ अंश उचललेले ठेवणे, तोंड स्वच्छ ठेवणे, कूस बदलणे ही कामे यंत्र करत नाही. परिचारिकांच्या रिकाम्या जागा न भरता नवी यंत्रे मागणे म्हणजे बैल न घेता नांगर विकत घेणे आहे.

चार, यंत्रांची देखभाल करणारा जैववैद्यकीय अभियंता जिल्ह्याच्या ठिकाणी कायम उपलब्ध असावा. यंत्र आले त्या दिवशीच त्याच्या दुरुस्तीची सोयही झाली पाहिजे. याच शहरात, उस्मानपुऱ्यातच, शासकीय तंत्रनिकेतन आहे. यंत्रे समजणारी तरुण मुले आपल्याकडे कमी नाहीत, त्यांना या कामाचे शिक्षण आणि पगाराची जागा हवी.

पाच, झोपेचे औषध कमी करून 'आज रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो का' ही चाचणी, प्रकृती परवानगी देईल तेव्हा, रोज करावी. यंत्रावर पडून छातीचा पडदा फार लवकर अशक्त होतो. एक दिवस जास्त यंत्रावर म्हणजे एक दिवस जास्त जंतुसंसर्गाचा धोका, आणि घरच्यांवर एक दिवसाचा जास्त खर्चही.

नातेवाइकांनी काय विचारावे?

व्हेंटिलेटरबद्दल समाजात दोन टोकांच्या समजुती आहेत. एक म्हणते, यंत्र लावले की माणूस वाचलाच. दुसरी म्हणते, एकदा यंत्र लागले की माणूस परत येत नाही, डॉक्टर केवळ बिलासाठी ठेवतात. पहिल्या समजुतीने पुढे निराशा येते आणि दुसऱ्या समजुतीने उशीर होतो. "नळी नको, तसेच बघा," म्हणत घरचे दोन दिवस घालवतात आणि थकून गेलेला रुग्ण मग घाईघाईत, वाईट अवस्थेत यंत्रावर जातो. मेलेल्या माणसाला यंत्रावर ठेवून जिवंत दाखवतात, ही शंकाही नेहमी ऐकू येते. यंत्र छाती हलवू शकते, पण थांबलेले हृदय ते चालवू शकत नाही. हृदयाची रेषा, नाडी आणि रक्तदाब पाहायची मुभा नातेवाइकांना अवश्य असावी. तरीही ही शंका का फोफावते? रुग्णालये दार बंद करून बसतात आणि दिवसातून दोन वाक्यांवर बोळवण करतात, म्हणून. माहिती दिली, तर संशयाला जागा उरत नाही.

तेव्हा वाचकहो, अशी वेळ आलीच, तर केवळ "ऑक्सिजन किती?" एवढेच विचारून थांबू नका. शांतपणे, आदराने हे विचारा : फुफ्फुसाला इजा आहे, की फक्त श्वासाचे स्नायू थकले आहेत? उंची मोजली का? एका श्वासाला किती हवा चालू आहे? दाब तिसाच्या आत आहे का? पालथे झोपवण्याचा उपयोग होईल का? यंत्र काढण्याची चाचणी कधी? येथे हे सारे जमत नसेल, तर कोठे आणि केव्हा हलवावे, आणि रुग्णवाहिकेत व्हेंटिलेटर आणि तो हाताळणारा माणूस आहे का? खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, शेवटच्या दिवशी नव्हे.

चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. अनेक भले डॉक्टर आणि परिचारिका अपुऱ्या माणसांत, जागरणे करून, हे सारे आजही करत आहेत. त्यांना तुमच्या प्रश्नांनी बळच मिळेल, कारण 'लोक विचारतात' हे कारण व्यवस्थापनाला लवकर पटते. आणि डॉक्टर म्हणाले, की "आकडा ९० आहे, पण आम्ही मुद्दाम मशीन वाढवत नाही, फुफ्फुस जपतो आहोत," तर त्यांच्यावर विश्वास ठेवा. त्या क्षणी तुमच्या माणसाच्या बाजूने उभा असलेला माणूस तोच आहे.

आजारी फुफ्फुसाला थोडी हवा, थोडा दाब आणि भरपूर वेळ लागतो. थोडे देण्यासाठी मोजावे लागते आणि मोजण्यासाठी माणूस लागतो. पुढच्या वेळी जिल्ह्यात नवे व्हेंटिलेटर आल्याची बातमी याच पानांवर वाचाल, तेव्हा एवढाच प्रश्न विचारा : ते चालवणारी माणसे किती आली?